जलवाहिनी जोडली, पाणी शुद्ध झाले का?

रस्त्याखालची जलवाहिनी फुटते, पाणी वाहू लागते. कर्मचारी येतात, खड्डा खणतात, फुटका तुकडा बदलतात आणि संध्याकाळी घरोघरचे नळ सुरू होतात. काम संपले असे सर्वांना वाटते. पण नळाला पाणी येणे आणि पिण्याजोगे पाणी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेतील मिसुरी राज्यात कबूल नावाचे सुमारे दोन हजार वस्तीचे गाव आहे. तेथे पाण्यात क्लोरीन मिसळत नसत. १९८९ च्या डिसेंबरात कडाक्याच्या थंडीत तेथील दोन जलवाहिन्या फुटल्या आणि पाण्याचे ४५ मीटर बदलावे लागले. जोडणी झाली, पाणीही सुरू झाले. पण ई. कोलाय जंतूच्या एका घातक प्रकारामुळे २४३ जण आजारी पडले व चौघे दगावले. लोकांना पाणी उकळण्यास सांगितल्यावर आणि पाण्यात क्लोरीन मिसळू लागल्यावर साथ ओसरली.

जंतू आत शिरतात कसे? जमिनीखालच्या नळांना सांध्यांपाशी बारीक गळती असतेच. नळातला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो तोवर पाणी बाहेर झिरपते; बाहेरचे आत येत नाही. म्हणजे दाब हाच जलवाहिनीचा पहारेकरी. नळ फुटला की दाब घसरतो. त्यात झडप बंद केली आणि उतारावरच्या एखाद्या घरातला नळ उघडा राहिला, तर आतले पाणी तिकडे ओघळते. मागे दाब वातावरणाच्या दाबापेक्षाही कमी होतो आणि शेजारच्या गटाराचे पाणी त्याच भेगांतून आत ओढले जाते. त्यामुळे पाणी दूषित होण्याची जागा फुटलेल्या जागेपासून दूरही असू शकते.

म्हणून शक्य असेल तेथे झडप एकदम पूर्ण बंद करीत नाहीत. खड्ड्यातील पाणी उपसून त्याची पातळी नळाच्या खाली जाईपर्यंत आत थोडा दाब राखतात. नवा तुकडा क्लोरीनच्या १ टक्का द्रावणाने आतून पुसून घेतात. मग पाणी जोराने सोडून नळ धुतात. हा वेग सेकंदाला सुमारे ०.९ मीटर तरी हवा. १५ सेंमी व्यासाच्या नळात याचा अर्थ सेकंदाला सुमारे १६ लिटर पाणी! संथ प्रवाहाने तळाचा गाळ हलत नाही.

आधी धुणे, मग क्लोरीन, हा क्रम महत्त्वाचा. क्लोरीन फक्त जंतूंवरच काम करतो असे नाही. मातीतले कुजके पदार्थ, लोह अशा अनेक गोष्टींशी त्याची अभिक्रिया होते. गाळ राहिला तर क्लोरीन त्यातच खर्च होतो आणि कणांच्या आड जंतू सुखरूप राहतात.

क्लोरीन किती लागतो? नव्या जलवाहिनीसाठी एक रूढ पद्धत अशी : दर लिटरला २५ मिलिग्रॅम क्लोरीन असलेले पाणी नळात २४ तास भरून ठेवायचे. हे गणित वर्गात करता येईल. १०० मीटर लांब आणि १५ सेंमी व्यासाच्या नळात सुमारे १,७६७ लिटर पाणी मावते. त्याला ४४ ग्रॅम क्लोरीन लागेल. ब्लीचिंग पावडरमध्ये २५ टक्के क्लोरीन धरला, तर सुमारे १७७ ग्रॅम पावडर पुरेल. पावडर फार लागत नाही. लागतो तो वेळ, आणि लोकांना तर पाणी आजच हवे असते. म्हणून दुरुस्तीच्या वेळी मात्रा वाढवून वेळ कमी करतात. मात्र हे तीव्र पाणी संपूर्ण काढून टाकल्याखेरीज घरांकडे सोडायचे नसते.

शेवटी तपासणी. नळाच्या टोकाशी दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच नको. क्लोरीन असल्याचे एका मिनिटात कळते. जंतू नसल्याचे कळायला साधारण एक दिवस लागतो. तो मधला दिवस धोक्याचा. त्या काळात पिण्याचे पाणी खळखळा उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळावे.

आपल्याकडे अनेक गावांत दिवसातले काही तासच पाणी येते. म्हणजे नळ न फुटताही दाब रोज नाहीसा होतो. कोणी नळाला थेट मोटार लावली, तर बाहेरची घाण ओढली जाण्याचा धोका आणखी वाढतो. सुरुवातीचे गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये, ते यासाठीच.

विद्यार्थ्यांना हे दाखवणे सोपे आहे. उंचावरच्या बादलीतून पारदर्शक प्लॅस्टिकची नळी खाली आणा. मध्यभागी सुईने भोक पाडून तो भाग शाईच्या पाण्यात बुडवा. नळीचे खालचे टोक त्या भांड्यापेक्षा खाली धरून बोटाने जवळजवळ बंद ठेवा. शाई आत येणार नाही. आता नळी वरच्या बाजूला चिमटीत दाबून बंद करा आणि खालचे टोक मोकळे सोडा. शाईची रेघ आत शिरताना दिसेल. मग विचारा : भोक तेच, शाई तीच, मग बदलले काय?