जनुक पोचवायचं, पण विषाणूविना

कर्करोगावरच्या जनुकोपचारात कोणतं जनुक द्यायचं, हे बऱ्याचदा ठरलेलं असतं. घोडं अडतं ते पेशीत पोचवण्यापाशी. हे काम बहुतेक वेळा निरुपद्रवी केलेल्या विषाणूंवर सोपवलं जातं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या, २०२३मध्ये मान्यता मिळालेल्या ‘नेक्सकार१९’ उपचारातही रुग्णाच्या टी-पेशींत (प्रतिकारयंत्रणेच्या पेशींत) जनुक नेतो तो लेंटीव्हायरसच. पण उपचाराच्या दर्जाचे विषाणू तयार करणं खर्चिक आणि वेळखाऊ असतं.

दुसरा मार्ग प्लास्मिडचा, म्हणजे जिवाणूंमधल्या डीएनएच्या छोट्या वर्तुळांचा. त्यात हवं ते जनुक जोडून जिवाणू वाढवले, की प्रती हव्या तितक्या मिळतात. मात्र या वर्तुळात जिवाणूंच्या सोयीचा मजकूरही असतो, उदाहरणार्थ प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक. माणसाच्या पेशीत त्याचा उपयोग शून्य, उपद्रव मात्र होतो: प्रतिकारयंत्रणा जिवाणूचा डीएनए ओळखून चवताळते आणि सोबतचं उपयोगी जनुकही कालांतराने गप्प होतं.

हा मजकूर वगळला की उरतं ‘मिनिसर्कल’. ते करण्याची एक रीत मोठी चतुर आहे. जिवाणू भरपूर वाढले, की त्यांना अरॅबिनोज नावाची साखर देतात. त्या इशाऱ्यासरशी एक विकर वर्तुळाचे दोन भाग करतं. एका वर्तुळात जनुक, दुसऱ्यात जिवाणूचा मजकूर. हे दुसरं वर्तुळ आणखी एक विकर कापतं आणि जिवाणू स्वतःच त्याचा फडशा पाडतात. मिनिसर्कलमधलं जनुक उंदरांच्या यकृतात दीर्घकाळ काम करत राहतं, हे स्टॅनफर्डच्या मार्क के यांच्या गटाने २००३मध्ये दाखवलं.

नुसता डीएनए पेशीत सहजासहजी शिरत नाही. त्यासाठी क्षणभर विजेचा झटका देऊन पेशीच्या आवरणाला छिद्रं पाडतात. अमेरिकेत त्वचेच्या मेलॅनोमाच्या २४ रुग्णांच्या गाठींत इंटरल्युकिन-१२ या प्रतिकारयंत्रणा चेतवणाऱ्या प्रथिनाचं जनुक असलेलं साधं प्लास्मिड असंच सोडलं गेलं. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काही रुग्णांच्या, झटका न दिलेल्या दूरच्या गाठीही विरल्या. जर्मनीत व्युर्झबुर्गच्या संशोधकांनी मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी टी-पेशींत जनुक नेण्याकरता मिनिसर्कलच वापरलं; ‘स्लीपिंग ब्यूटी’ हे विकर ते जनुक पेशीच्या गुणसूत्रात बसवतं.

जोखीम इथेही आहेच. झटक्याने काही पेशी मरतात, आणि जनुक गुणसूत्रात नेमकं कुठे बसेल, यावर पुरता ताबा नसतो. त्यामुळे हे उपचार घेतलेल्या रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं. विषाणू वगळला म्हणून ही देखरेख टळत नाही.