दवाखान्यातून घरी आल्यावर

कुणी बाळंतीण घरी आली, की शेजारणी डिंकाचे लाडू पाठवतात. ऑपरेशन झालं तर नारळपाणी घेऊन रीघ लागते. पण जीव द्यायला निघालेली बाई वाचून घरी येते, तेव्हा अख्खी आळी दारं लोटून घेते. बोलतात ते असं, ‘पोरांचा तरी विचार करायचास गं!’ तो तिने केलेला नसतो, असं का वाटतं आपल्याला?

आमच्या मागच्या आळीत अशी एक सून आहे. घरच्यांनी ‘पोटाचं दुखणं’ म्हणून सांगितलं. कळायचं ते सगळ्यांना कळलंच. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद. मला म्हणाली, ‘ताई, सगळे एक तर रागावतात, नाहीतर काचेच्या भांड्यासारखं जपतात. साधं कुणी बोलतच नाही.’

फक्त शेजारच्या काकू दर गुरुवारी मेथीची जुडी घेऊन तिच्याकडे जायच्या. कधी बोलणं व्हायचं, कधी नुसतीच मेथी निवडून व्हायची. एकदा काकूंनी सरळ विचारलं, ‘पुन्हा तसं मनात येतं का गं?’ ती रडली, खूप बोलली, आणि त्याच आठवड्यात नवऱ्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली. असं विचारल्याने भलतं डोक्यात भरतं, ही भीती खोटी आहे, मैत्रिणींनो.

जागतिक आरोग्य संघटनेचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच देशांतले, आपल्या चेन्नईतलेही, असे वाचलेले १८६७ जण त्यात होते. साधारण निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांशी त्याशिवाय तासभर बोलणं, आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. आत्महत्येने गेलेले पहिल्या गटात २.२ टक्के, दुसऱ्यात ०.२ टक्के. नऊ वेळा विचारपूस! लग्नाच्या साड्यांसाठी आपण त्याहून जास्त खेपा घालतो.

‘पोलीस केस होईल’ म्हणून अजूनही लपवतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा नाही. उलट तिचे उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी, असं तो सांगतो.

पहिले काही महिने जास्त नाजूक. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा. मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. नवऱ्याने, सासूने केला तरी चालतो. धास्ती त्यांनीही घेतलेली असते.