आवर्त सारणीवरून अणूतील कण कसे मोजावेत?



आपल्यापैकी बरेच जण महाराणा प्रताप नगरात कोचिंगला जातात. तिथे आवर्त सारणी पाठ करून घेतात. पण ती पाठ करण्यापेक्षा वाचता येणे महत्त्वाचे. आधी शब्द जुळवून घेऊ. हिंदी पुस्तकातील ‘परमाणु क्रमांक’ म्हणजे मराठीतील अणुअंक आणि ‘द्रव्यमान संख्या’ म्हणजे अणुवस्तुमानांक.

अणुअंक म्हणजे केंद्रकातील प्रोटॉनची संख्या. सोडियमचा अणुअंक ११, म्हणून प्रोटॉन ११. अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, म्हणून इलेक्ट्रॉनही ११. अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज. सोडियमचा तो २३ आहे. २३ मधून ११ वजा केले की न्यूट्रॉन मिळाले १२.

मिठात मात्र सोडियमने एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला दिलेला असतो. त्या सोडियम आयनात प्रोटॉन ११ आणि इलेक्ट्रॉन १०. आयन होताना इलेक्ट्रॉन बदलतात, केंद्रक तसेच राहते.

आता सावध राहण्याची जागा. क्लोरीनच्या चौकटीत ३५.४५ असा आकडा असतो. त्यातून १७ वजा करून कोणी साडेअठरा न्यूट्रॉन लिहितो! अर्धा न्यूट्रॉन कसा असेल? तो आकडा एका अणूचा नसून सरासरीचा आहे. निसर्गात क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७ अशी दोन समस्थानिके साधारण तीनास एक या प्रमाणात मिळतात. पहिल्यात न्यूट्रॉन १८, दुसऱ्यात २०.

‘जवळचा पूर्णांक घ्या’ हा नियम सोडियमला चालतो, पण ब्रोमीनला फसतो. ७९.९० चे ८० केले, तर न्यूट्रॉन ४५ येतात. निसर्गातील ब्रोमीन मात्र ७९ आणि ८१ या अणुवस्तुमानांकांचे असते, म्हणजे न्यूट्रॉन ४४ किंवा ४६. सारणी प्रोटॉन नक्की सांगते. न्यूट्रॉनसाठी समस्थानिक कोणते, हे विचारावेच लागते.

हा प्रश्न केवळ गुणांपुरता नाही. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील तारापूरचे अणुवीज केंद्र पाहा. युरेनियमचा अणुअंक ९२. युरेनियम-२३५ मध्ये न्यूट्रॉन १४३, तर युरेनियम-२३८ मध्ये १४६. साखळी प्रक्रिया चालते ती मुख्यतः पहिल्यावर, आणि नैसर्गिक युरेनियममध्ये तो हजारात जेमतेम सात अणू इतकाच असतो. म्हणून १९६९ मध्ये सुरू झालेल्या तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांसाठी युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवलेले, म्हणजे समृद्ध केलेले इंधन लागते. २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेल्या पुढच्या दोन भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात, कारण त्यांत जड पाणी वापरतात. साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात नुसता एक प्रोटॉन असतो. जड पाण्यातील हायड्रोजनमध्ये सोबत एक न्यूट्रॉनही असतो. त्यामुळे ते पाणी साखळी प्रक्रियेतले न्यूट्रॉन फारसे शोषून घेत नाही. एका न्यूट्रॉनच्या फरकाने भट्टीचे इंधनच बदलते!

सरावासाठी :
१. अॅल्युमिनियम (अणुअंक १३, अणुवस्तुमानांक २७) तीन इलेक्ट्रॉन गमावतो. आयनातील कण सांगा.
२. तांब्याचा अणुअंक २९. तांबे-६३ आणि तांबे-६५ मधील न्यूट्रॉन काढा.

उत्तरे : १. प्रोटॉन १३, न्यूट्रॉन १४, इलेक्ट्रॉन १०. २. ३४ आणि ३६.