नासपतीच्या चोरीवर तीन तास

सोळा वर्षांच्या ऑगस्टिनने मित्रांबरोबर रात्री झाडावरच्या नासपती चोरल्या. भूक नव्हती. एखाद-दुसरी चाखली, बाकीच्या डुकरांपुढे टाकल्या. चाळिशी उलटल्यावर, बिशप झालेल्या या माणसाने ‘कन्फेशन्स’मध्ये या खोडीवर पानंच्या पानं लिहिली. त्याला एवढं काय लागलं असेल?

लॉस एंजेलिसजवळ ला मिराडा गावातल्या बायोला विद्यापीठात, टॉरी ऑनर्स कॉलेजमध्ये, असा एखादा प्रश्न टाकून वर्ग सुरू होतो आणि तीन तास चालतो. प्राध्यापकाला तिथे ट्यूटर म्हणतात. तो व्याख्यान देत नाही. प्रश्न विचारतो आणि सोपं उत्तर आलं की पुन्हा कोंडीत पकडतो. पुण्यात जन्मभर तत्त्वज्ञान शिकवून, ‘सर, अपेक्षित द्या ना’ ऐकून निवृत्त झालेल्या मला याचा हेवा वाटला, हे कबूल करतो.

ला मिराडाजवळच्या सेरिटोसमध्ये आता मी राहतो; तिथल्या आमच्या शेजाऱ्यांची नात टॉरीत शिकते. कुटुंब मूळचं नगरचं, मराठी ख्रिस्ती. तिचा मुख्य विषय जीवशास्त्र; पण इतरांना घ्यावे लागणारे बरेचसे सामान्य विषय टळतात आणि त्यांच्या जागी होमर, प्लेटो, दान्ते येतात. बायबलही त्याच टेबलावर. तिच्या ‘रिपब्लिक’चं मलपृष्ठ चिकटपट्टीने जोडलेलं आहे, समासात पेन्सिलीने बारीक अक्षरं. ‘आजोबा, मत मांडलं की लगेच विचारतात, पान कुठलं?’ सत्राअखेरीस तोंडी परीक्षा. तिला म्हणतात ‘डॉन रॅग’. तिथे गाईड काय कामाचं!

बायोला १९०८ साली बायबल शिकवणारी शाळा म्हणून सुरू झालं. तेलाच्या धंद्यातले लायमन स्ट्युअर्ट संस्थापकांपैकी. पदवीसाठी येणारा विद्यार्थी ख्रिस्ती श्रद्धेचा हवा, अशी अट आहे. मग उत्तरं आधीच ठरलेली असणार, ही शंका कुणालाही येईल. पण ऐकावं तर ही पोरगी प्लेटोची बाजू जीव तोडून मांडते, आणि मग स्वतःच ती खोडायला बसते. श्रद्धा एक असली तरी भांडायला पुस्तकं पुरतात.

माझी तक्रार पुस्तकांच्या यादीबद्दल आहे. तिचा जवळजवळ सगळा भार युरोपवर. या मुलीच्या आजीला नारायण वामन टिळकांची भजनं तोंडपाठ आहेत. त्यांनी सुरू केलेलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलेलं ‘ख्रिस्तायन’ घरच्या कपाटात आहे. मिल्टनशेजारी ते ठेवून तीन तास भांडायला काय हरकत आहे? मी या मुलीला तसं सुचवलंय. ती म्हणाली, आधी इंग्रजीत करून द्या.