अधांतरी बॉबीन

शिवणयंत्राच्या पोटात बॉबीन केस ज्या वाटीत बसते, ती वाटी यंत्राच्या सांगाड्याला कुठेही जोडलेली नसते. बाहेरचा हूक तिच्याभोवती गरगर फिरतो, ती मात्र जागच्या जागी राहते. तिला फिरू न देणारी एक छोटी पोलादी पट्टी असते आणि तिचं टोक वाटीच्या खाचेत सैल बसलेलं असतं. ते सैलच असावं लागतं. दोरीच्या उड्या मारणाऱ्या मुलीच्या डोक्यावरून आणि पायांखालून दोरी जाते, तसा प्रत्येक टाक्याला वरच्या दोऱ्याचा फास बॉबिनीसकट या अख्ख्या वाटीला वळसा घालून येतो. वाटी कुठेही घट्ट धरली, तर दोरा तिथेच अडेल. या यंत्राचं सगळं कसब अशा दोन-चार फटींत आहे, आणि यंत्र अडकतं तेही याच फटींत.

ही कल्पना अ‍ॅलन विल्सन या अमेरिकन सुताराची. एलायस हाऊने 1846 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात खालचा दोरा धोट्यातून पुढे-मागे जाई. दर फेरीला धोटा थांबणार, उलटा फिरणार. म्हणजे वेगाला मर्यादा आलीच. विल्सनने धोटाच काढून टाकला आणि फिरता हूक आणला. त्याचं पेटंट 12 ऑगस्ट 1851 चं. आयझॅक सिंगरला त्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं तेही त्याच दिवशी. नाव सिंगरचं घरोघरी गेलं. आज कारखान्यात जे फिरतं ते मात्र विल्सनच्या डोक्यातून निघालेलं आहे, आणि त्याचं नाव शिवणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं.

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये या सरळ टाक्याच्या यंत्राला सर्रास ‘जुकी’ म्हणतात, मग त्यावर कंपनी कुठलीही लिहिलेली असो. मूळ जुकी 1938 साली टोकियोत स्थापन झालेली कंपनी. तिच्या डीडीएल 8700 या मॉडेलचा कमाल वेग मिनिटाला 5,500 टाके. एका टाक्याला हूक दोन फेरे घेतो; पहिल्यात फास धरतो, दुसऱ्यात रिकामा फिरतो आणि तेवढ्यात वरचा लिव्हर दोरा ओढून टाका आवळतो. म्हणजे मिनिटाला 5,000 टाके पडत असतील, तर खाली हूक 10,000 फेरे मारत असतो. या वेगात दोऱ्याचं एखादं टोक नको त्या फटीत शिरलं, की चाक गच्च बसतं.

अशा वेळी नवखा कारागीर हमखास पायडल पुन्हा दाबतो. जून तोंडावर आलेला, पगार नगावर. त्याची घाई समजते. पण त्या एका झटक्याने दोरा हुकाच्या आणखी आत ओढला जातो. आधी वीज बंद करायची. जुनी क्लच मोटर बटण बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहते, म्हणून ती पूर्ण थांबेपर्यंत हात आत घालायचा नाही. मग कापडाखालचे दिसतील ते दोरे कापायचे, सुई काढायची, कापड धरून ठेवणारा दाब उचलून कापड सोडवायचं. कापड हिसकायचं नाही. बॉबीन केस निघत असेल तर काढायची, यंत्राचं डोकं मागे कलंडवायचं आणि हुकाच्या खोबणीत तेलाचे दोन थेंब सोडून थोडं थांबायचं.

यानंतर चाक हाताने पुढे-मागे, अगदी थोडंथोडं हलवायचं. सुरुवातीला केसभर सरकतं, मग बोटभर. मधेच दोऱ्याचं टोक वर येतं. ते चिमट्याने धरून हूक ज्या बाजूला सैल होतोय त्या बाजूला ओढायचं. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर हुकाच्या कडेची कमानदार पट्टी तिचे बारीक स्क्रू काढून उघडावी लागते आणि वाटी बाहेर घ्यावी लागते. हे काम फिटरचं. स्क्रू ड्रायव्हर घालून हूक उचकटणं मात्र कुणाचंच काम नव्हे. हुकाच्या टोकावर एक चरा पडला की पुढे प्रत्येक टाक्याला दोरा पिंजतो, आणि त्याचा कचरा पुन्हा त्याच खोबणीत साचतो.

गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनीला दोष देतात. मला हा तिच्यावरचा अन्याय वाटतो. खाली साचलेला दोरा बघा, तो बहुधा वरच्या रिळाचा असतो. दाब खाली असताना दोरा ओवला, तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि तो त्यांच्या मध्ये बसतच नाही. कधी तो लिव्हरच्या भोकातून ओवायचा राहून जातो. मग फास वर ओढायला कुणी नसतं आणि तो खालीच राहतो. शिवण सुरू करताना दोऱ्यांची टोकं मागे धरली नाहीत, तर तीही आत खेचली जातात. सुई उलटी बसली असेल तर फासच नीट पडत नाही. या यंत्राला लागणाऱ्या डीबी सुईची लांब खाच डावीकडे हवी.

चाक सुटलं म्हणजे काम झालं असंही नाही. जोरदार जाम झाल्यावर हूक आपल्या दांड्यावर किंचित सरकलेला असू शकतो. टायमिंग हललं, म्हणतात ते हेच. सुई सगळ्यात खाली जाऊन सुमारे 2 मिलिमीटर वर आली, की हुकाचं टोक नेमकं तिच्या मागे, भोकाच्या वर पोहोचायला हवं, आणि दोघांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून मोठी नको. चामडं किंवा ताडपत्री शिवणाऱ्या काही जड यंत्रांत हुकाला सेफ्टी क्लच असतो. जाम होताच तो सुटतो आणि टायमिंग वाचतं. गणवेशाच्या यंत्राला ही चैन नसते.

यंत्र जाम होण्याचं आणखी एक कारण पांढऱ्या शर्टाचं. हुकाला तेल पोहोचतं, ते कधी कापडावर उडतं, डाग पडला की नग परत येतो. म्हणून कुणीतरी तेलाचा स्क्रू फिरवून तेल कमी करून ठेवतो. डाग थांबतात, हूक मात्र कोरडा फिरतो, तापतो, आणि एके दिवशी वाटीसकट धरून बसतो. तेल किती ठेवायचं हे कागदावर बघता येतं. सुईत दोरा न ओवता यंत्र चालवायचं आणि हुकाखाली, त्याला न लावता, कागदाचा तुकडा पाच सेकंद धरायचा. त्यावर तेलाची बारीक रेघ उमटली तर ठीक. रेघच नसेल तर स्क्रू फिरवून तेल थोडं वाढवायचं, शिंतोडे उडाले असतील तर कमी करायचं. मग वर एका रंगाचा, खाली दुसऱ्या रंगाचा दोरा घालून चिंधीवर वीतभर शिवायचं आणि चिंधी उलटी करून बघायची. वरचा रंग खालच्या बाजूला डोकावत असेल, तर पुन्हा टेन्शनपासून सुरुवात.