बीटी कपाशी आणि गुलाबी बोंडअळी : शिफारस कुठपर्यंत खरी?

अकोट-दर्यापूरकडे कपाशीवर बोलायला उभे राहिले की एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, बीटीवर बोंडअळी येत नाही हे तुम्हीच लोकांनी सांगितलं. मग २०१७ साली आमची बोंडं कशानं खाल्ली?" प्रश्न रास्त आहे. 'शास्त्र खोटं निघालं' हे त्याचं उत्तर नाही, आणि 'शेतकऱ्यानंच चूक केली' हेही नाही.

बीटी कपाशीत मातीतल्या एका जिवाणूचे जनुक असते. त्यामुळे झाडातच एक प्रथिन तयार होते आणि ते बोंडअळीच्या आतड्याला इजा करून तिला मारते. भारतात २००२ मध्ये एका जनुकाच्या वाणांना आणि २००६ मध्ये दोन जनुकांच्या वाणांना परवानगी मिळाली. सुरुवातीची वर्षे बोंडअळीसाठीच्या फवारण्या घटल्या, हे तुम्हीही अनुभवले. म्हणजे शिफारस खरी होती. पण चाचण्या झाल्या त्या त्या वेळच्या अळीवर. हजारो-लाखोंत एखादी अळी जन्मतःच हे प्रथिन पचवणारी असते. बाकीच्या मेल्या की तिचीच संतती वाढते.

हे शास्त्रज्ञांना आधीच माहीत होते. म्हणून पहिल्या परवानगीतच अट होती, बीटीच्या भोवती पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्रावर, यापैकी जे जास्त असेल तितके, बिगर-बीटी लावा. तिथे वाढलेल्या साध्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचा संकर होत राहतो आणि प्रतिकारशक्ती लवकर पसरत नाही. त्यासाठीच १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट मिळायचे. ते किती जणांनी पेरले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी दोष एकट्या शेतकऱ्याला देणे मला पटत नाही. तीन-चार एकर कोरडवाहूवाल्याला पाचवा हिस्सा अळीच्या हवाली करा म्हणणारी शिफारस कागदावर बरोबर असली, तरी शेतावर अपुरीच आहे.

मग हिरवी बोंडअळी बीटीला का नाही इतकी जुमानेनाशी झाली? ती तूर, हरभरा, टोमॅटो असे बरेच काही खाते. आपल्या वऱ्हाडात तर कपाशीशेजारी तूर असतेच. तिला आश्रय आपोआप मिळाला. गुलाबी अळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते आणि बहुतेक सगळी कपाशी बीटी झाली. २०१०च्या सुमारास गुजरातेत पहिल्या जनुकाला दाद न देणारी गुलाबी अळी नोंदली गेली. पुढच्या चार-पाच वर्षांत तिथे दोन जनुकांच्या वाणांवरही ती टिकू लागली आणि २०१७ मध्ये विदर्भात उद्रेक झाला. अमेरिकेत ॲरिझोनात हीच अळी आणि हेच तंत्र होते; तिथे आश्रय ओळी लावल्या, पुढे वांझ केलेले पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेचा कपाशी पट्टा गुलाबी बोंडअळीमुक्त जाहीर झाला.

अळीच्या जीवनक्रमाबद्दलचे ज्ञान मात्र कोणत्या जनुकावर अवलंबून नाही. ती सरकीत, उरल्यासुरल्या बोंडांत, पऱ्हाटीच्या ढिगात सुप्त राहते. म्हणून डिसेंबरअखेर पीक संपवा, फरदड घेऊ नका, पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवू नका. ही शिफारस बीटी येण्याआधीही लागू होती, आजही आहे.

आकड्यांनाही मर्यादा असते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग, किंवा १० टक्के फुले वा हिरवी बोंडे किडलेली, ही आर्थिक नुकसानीची पातळी. बोंडे पाहण्यासाठी एकरी २० हिरवी बोंडे फोडतात. दोन किडकी निघाली की पातळी गाठली. आता हिशेब बघा. शेतात खरोखर १० टक्के बोंडे किडलेली आहेत असे धरा. शंभर वेळा २० बोंडे फोडली, तर सुमारे १२ वेळा एकही किडके बोंड हाती लागणार नाही. ४० फोडली तर असे जेमतेम एक-दोनदाच होईल. अळी आत शिरल्यावर छिद्र बुजते, त्यामुळे बाहेरून निरोगी दिसणाऱ्या बोंडावर भरवसा ठेवू नका.

म्हणून 'काल वीस फोडली, काही नव्हतं' एवढ्यावर फवारणी टाळू नका आणि एका किडक्या बोंडावर पंपही उचलू नका. पाती लागल्यापासून एकरी दोन सापळे ठेवा, फुलांत डोमकळ्या शोधा. बोंडे लागली की दर आठवड्याला शेताच्या मधूनही वेगवेगळ्या झाडांची निदान ४० बोंडे फोडा. कृषी सहायकांनी निष्कर्ष कळवताना वाण, पेरणीची तारीख आणि फोडलेल्या बोंडांची संख्या सोबत लिहावी. नुसते 'प्रादुर्भाव ५ टक्के' म्हटले तर तो २० बोंडांतून निघाला की २०० मधून, हे कुणालाच कळत नाही.