क्रीडा सहल: क्लबचा प्रशिक्षक तीन दिवसांत काय देऊ शकतो?

मागच्या व्याख्यानानंतर दोन-तीन क्रीडाशिक्षक मला जिन्यात गाठून म्हणाले, ‘सर, आमच्या शाळेची फुटबॉल टीम गोव्याला न्यायची आहे. तिथल्या क्लबच्या प्रशिक्षकांकडून शिकवून घ्यायचं आहे. त्यावर बोला ना.’ मी म्हटलं, अहो, मी तत्त्वज्ञानाचा माणूस. आयुष्यभर खडू हातात धरला, चेंडू नाही. (हशा) पण घरी गेल्यावर लक्षात आलं, की या विषयावर बोलण्याचं एक कर्ज माझ्यावर आहे. ते कोणतं, ते मध्येच सांगेन.

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. आपण जातो कशासाठी?

शाळेच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ‘व्यावसायिक क्लबकडून प्रशिक्षण’. पालकांना वाटतं, पोरगं तीन दिवसांत खेळाडू होऊन येईल. असं होत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय, की माणूस घरं बांधून बांधून गवंडी होतो आणि वीणा वाजवून वाजवून वादक होतो. कौशल्य म्हणजे मुरलेली सवय, आणि सवय तीन दिवसांत मुरत नाही. मग क्लबचा प्रशिक्षक तीन दिवसांत देतो काय? तो सवयीची *दिशा* देतो. आलेला चेंडू अडवताना शरीर कुठे वळवायचं, पास देण्याआधी मान वर करून कधी बघायचं, हे तो दाखवतो. ते मुरवण्याचं काम पुढचे सहा महिने आपल्याच मैदानावर, आपल्याच सरांनी करायचं असतं.

यातून नियोजनाचा पहिला नियम निघतो. सहल जितकी मुलांची, तितकीच ती क्रीडाशिक्षकाची. आपले सर तिथे बाकावर बसून मोबाईल बघत असतील तर पैसे वाया गेले असं समजा. सरांच्या हातात वही हवी. प्रत्येक सत्रात कोणता सराव घेतला, किती वेळ, किती मुलांचा गट, मैदानाचा केवढा भाग वापरला, कोणती चूक कशी दुरुस्त केली, हे सगळं लिहून घ्यायचं. क्लबला आधीच पत्र पाठवून सांगायचं, की आमचे शिक्षक तुमच्या प्रशिक्षकाबरोबर मैदानात उभे राहतील. याला नकार देणारा क्लब आपल्या कामाचा नाही.

आता दुसरा प्रश्न. क्लब म्हणजे कोण?

आपल्याकडे कोल्हापुरात हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे तालमीच्या नावाने संघ उतरतात, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेच्या पेठ ओस पडते. संघामागे एक गल्ली असते, तिची आठवण असते. गोव्यातही तसंच आहे. धेंपो क्लबने २००५ ते २०१२ या काळात आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं. साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांनीही ते मिळवलेलं आहे. पुढे २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब हे आय-लीगमधून बाहेर पडले, तरी गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये खेळत राहिले. सांगायचा मुद्दा हा, की मोठ्या लीगमधलं नाव आणि मुलांना शिकवण्याची परंपरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला दुसरी हवी आहे.

म्हणून मधल्या दलालाने ‘अमुक क्लबचं पॅकेज’ म्हटलं की लगेच भुलू नका. क्लबच्या युवा विभागाशी थेट बोला आणि चार गोष्टी लेखी मागा. एक, प्रत्यक्ष कोण शिकवणार, त्या व्यक्तीचं नाव आणि तिचं लायसन्स. भारतात फुटबॉल प्रशिक्षकांची डी, सी, बी, ए अशी चढती लायसन्सं असतात. शाळेच्या मुलांना शिकवायला ‘ए’च पाहिजे असं नाही, लहान मुलांबरोबर रोज काम करणारा ‘डी’वाला कित्येकदा जास्त उपयोगी पडतो. दोन, एका प्रशिक्षकामागे किती मुलं. तीन, मैदान गवताचं की कृत्रिम टर्फचं, कारण त्यावर बूट ठरतात. आपली मुलं मातीवर खेळतात. टर्फवर लांब, धातूच्या खिळ्यांचे बूट चालत नाहीत आणि गुडघ्याला धोका असतो. चार, पाऊस आला किंवा मैदान मिळालं नाही तर काय करणार.

तिसरा प्रश्न, कधी जायचं?

जून ते सप्टेंबर गोव्यात पाऊस. ऑक्टोबरमध्ये उकाडा. नाताळ आणि नववर्षाच्या आठवड्यात राहण्याचे दर शाळेला परवडत नाहीत. मार्चपासून परीक्षा. म्हणजे उरला नोव्हेंबरचा शेवट, डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि जानेवारी. सांगली-मिरजेहून गोवा एक्सप्रेस बेळगाव, लोंढा, कॅसलरॉकवरून थेट मडगावला जाते. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, तेव्हा मुलांची यादी, संमतीपत्रं आणि शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी त्याच्या आत हातात हवी. मागून मोजत आलात तर काम सहल निघण्याच्या चार महिने आधी सुरू करावं लागतं.

दिवसाची आखणीही सांगतो, कारण तिथे हमखास चूक होते. पैसे दिलेत ना, मग वसूल करा, या हिशेबाने दिवसात तीन-तीन सत्रं आणि संध्याकाळी सामना! दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं पाय धरून बसतात. सकाळी लवकर एक सत्र, दीड तासाचं. दुपारी उन्हात काहीही नाही. जेवण, झोप, आणि सकाळी काय शिकलो ते वहीत चार ओळी. संध्याकाळी दुसरं सत्र, हलकं. तीन दिवसांत मैत्रीपूर्ण सामना एकच, तोही शेवटच्या दिवशी, आणि आपल्याच वयाच्या, आपल्याच तोडीच्या संघाशी. आठ-शून्यने हरून मुलं शिकत नाहीत, आणि आठ-शून्यने जिंकूनही शिकत नाहीत. एखादी संध्याकाळ रिकामी ठेवून स्थानिक लीगचा सामना बघायला न्या. फातोर्ड्याचं स्टेडियम असो की गावातलं मैदान, तिथली मंडळी कशी बघतात, काय ओरडतात, हेही शिक्षणच आहे.

आता माझं कर्ज.

पंचवीसेक वर्षं झाली. मी एका शाळेच्या समितीवर होतो. नाव घेत नाही. शाळेची मुलं अशीच गोव्याला निघाली, क्लबच्या प्रशिक्षकांकडे. खर्च डोक्यावर वाटला आणि नोटीस लावली: जे पैसे भरतील ते येतील. संघाचा गोलकीपर होता एक मुलगा, वडील हमालीला. त्याने नाव दिलं नाही. कोणी विचारलंही नाही. त्याच्या जागी पैसे भरू शकणारा एक मुलगा गेला, जो वर्षभरात दोनदा सरावाला आला असेल. त्या यादीवर सही माझी होती. आणि मी कॉलेजात शिकवत काय होतो? नीतिशास्त्र. (शांतता)

मुलं परत आली. क्लबच्या जर्सीतला फोटो शाळेच्या भिंतीवर लागला. तो मुलगा त्यानंतर सरावाला आला नाही. सरांनी एकदा निरोप पाठवला, तर म्हणाला, ‘त्यांना नवीन शिकवलंय, मला ते येत नाही.’ बघा, त्याला अपमान वाटला असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला, मला ते येत नाही. म्हणजे आमच्या सहलीने त्याच्याकडचं होतं तेही काढून घेतलं.

यावर मला पुढे बरंच वाचावं लागलं. अलास्डेर मॅकिन्टायर यांचं ‘आफ्टर व्हर्च्यू’ हे पुस्तक १९८१ चं. त्यात ते बुद्धिबळ शिकणाऱ्या एका मुलाचं उदाहरण देतात. मुलगा खेळायला तयार नाही, म्हणून त्याला गोळ्या-चॉकलेटचं आमिष दाखवलं. जोवर तो गोळ्यांसाठी खेळतो, तोवर पकडला जाणार नसेल तर फसवायला त्याला हरकत वाटणार नाही. पण हळूहळू त्याला खेळातलंच काही सापडलं, डाव रचण्यातली मजा, तर फसवून तो स्वतःलाच फसवेल. गोळ्या हा बाह्य लाभ आणि डाव रचण्यातली मजा हा आंतरिक लाभ. बाह्य लाभाचं वैशिष्ट्य असं, की तो एकाला मिळाला तर दुसऱ्याला कमी पडतो. आंतरिक लाभाचं तसं नसतं. एका मुलाने चेंडू नीट थांबवायला शिकलं तर अख्ख्या संघाचा खेळ सुधारतो.

आमच्या सहलीत जर्सी, फोटो, ‘गोव्याला जाऊन आलो’ हे सगळं बाह्य. ते आम्ही पैसे भरणाऱ्यांना वाटलं. आणि आंतरिक लाभ, जो वाटल्याने वाढतो, तोही त्याच दराने विकला. चूक तिथे होती.

मग करायचं काय? हिशेब करू. समजा सगळा खर्च १,८९,००० रुपये आणि मुलं १८. प्रत्येकी १०,५०० रुपये. आता ठरवलं की दोन मुलांचा खर्च इतर सोळांनी उचलायचा, तर प्रत्येकाला सुमारे ११,८१२ रुपये पडतात. तेराशे रुपयांचा फरक. क्लबची जर्सी रद्द केलीत, शाळेचीच घातलीत, तर तोही बराचसा भरून निघतो. पण दोन गोष्टी पाळा. निवड आधी, पैसे नंतर: सरांनी सरावातल्या हजेरीवर आणि खेळावर यादी करायची, मग खर्चाचा विचार. आणि कोणाचे पैसे कोणी भरले हे मुलांमध्ये कळता कामा नये. ‘गरजूंसाठी अर्ज करा’ अशी नोटीस लावलीत की खुद्दार बाप अर्ज करत नाही.

आणि मुलींचं विसरू नका. मुलींचा संघ नाही म्हणून फक्त मुलगे नेतो, असं सांगतात. मग पुढच्या वर्षीही संघ नसेलच.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्याहून मुरूडला सहलीला गेलेले चौदा विद्यार्थी समुद्रात बुडाले. गोव्याला नेता म्हणजे समुद्र आलाच. खेळाच्या सहलीत समुद्रात उतरणं नाही, हा नियम निघण्याआधी पालकांसमोर सांगा, म्हणजे तिथे ‘सर, पाचच मिनिटं’ याला उत्तर तयार असतं. प्रत्येक मुलाचा आजार, औषध, अ‍ॅलर्जी, रक्तगट यांचा कागद सोबत. मुली असतील तर सोबत शिक्षिका. बाहेरचा प्रशिक्षक कितीही मोठा असो, कुठल्याही मुलाबरोबर एकटा थांबणार नाही. हे क्लबला आधी लिहून कळवा. चांगल्या क्लबला याचा राग येत नाही.

शेवटचं. परतल्यावर पहिल्या आठवड्यात तीन सराव ठेवा, आणि त्यात गेलेल्या मुलांनी न गेलेल्यांना शिकवायचं. शिकवायला लागलं की कळतं आपल्याला किती कळलंय. माझ्या मते सहल पूर्ण होते ती त्या तिसऱ्या सरावाला.

प्रश्न (एक शिक्षिका): सर, आमच्याकडे गोव्याइतके पैसेच नाहीत. मग?

उत्तर: मग प्रशिक्षकाला बोलवा. एका माणसाचं तिकीट, राहणं आणि मानधन, हे अठरा मुलांच्या प्रवासापेक्षा खूप कमी. आणि मागे कोणी राहत नाही. खरं सांगू का ताई, पुन्हा समितीवर असतो तर मी हेच आधी सुचवलं असतं.

प्रश्न (एक पालक): त्या मुलाचं पुढे काय झालं?

उत्तर: मला माहीत नाही. विचारायला गेलो नाही. तेही त्याच सहीत धरा.

थांबतो.